शॅल आधी की वी आधी

“थांब! हात खाली घे आधी!”

ठोक्याची हातोडी हवेतच राहिली. छिन्नीचे टोक काळ्या ग्रॅनाइटवर, पांढऱ्या पेन्सिलीने काढलेल्या डब्ल्यूच्या डाव्या पायावर टेकले होते. आणखी अर्धा श्वास, आणि तो पाय कायमचा दगडात गेला असता. त्याने मान वर केली. शेडच्या दारात ताई उभी होती. शाळेतून थेट आलेली, काखेत तपासायच्या वह्यांची पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“अगं, असं ओरडतात का? छिन्नी घसरली असती म्हणजे?”

“घसरलेलीच आहे. हे कुणी लिहिलं?”

“कुठलं?”

“हे, वरचं. नेव्हर वी शॅल फरगेट यू. कुणाचं डोकं आहे हे?”

ठोक्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे छिन्नीने खूण केली. तिथे कारखान्याच्या शिक्क्याचा कागद डब्याखाली दाबून ठेवला होता. “त्यांनी दिलंय. मी काय लिहिणार? कागदावर असेल ते दगडावर.”

ठोक्या हे काही त्याचे खरे नाव नव्हे. लहानपणी हाताला लागेल ते घेऊन भिंतीवर ठोकत बसायचा म्हणून ताईनेच ते ठेवले होते. खरे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरले होते. गावात दगडावर अक्षरे कोरणारा तो एकटा. दवाखान्याच्या पाट्या, घरांची नावे, शाळांच्या कोनशिला, सगळे त्याच्याच हातचे. ‘कागदावर असेल ते दगडावर’ हा त्याने स्वतःसाठी केलेला एकमेव कायदा होता आणि तो त्याला अद्दल घडल्यावर सुचला होता. वीसेक वर्षांपूर्वी एका वकिलाच्या आडनावात दोन एल पाहून त्याने मोठ्या शहाणपणाने एक गाळला. वकिलाचे घराणेच दोन एलचे निघाले. अख्खी पाटी पुन्हा करावी लागली, वर वकिलाचे भाषण ऐकावे लागले ते वेगळे. तेव्हापासून त्याने डोके बाजूला ठेवून हात चालवायला सुरुवात केली होती आणि त्याचे बरे चालले होते.

“पुस,” ताई म्हणाली.

“काय पुस?”

“वी शॅल पुस. पेन्सिलच आहे ना अजून?”

“पेन्सिल आहे, पण का पुसू?”

ताईने पिशवी दगडाच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या बाकावर ठेवली आणि चष्मा वर सरकवला. “नेव्हर वाक्याच्या सुरुवातीला आला की पुढं काय होतं?”

तिने हे अशा आवाजात विचारले की ठोक्याचा तळहात आपोआप मिटला. “मला काय विचारतेस? मी आठवीत दोनदा बसलोय.”

“म्हणूनच विचारतेय. नेव्हर, सेल्डम, हार्डली, नो सूनर. असला नकाराचा शब्द वाक्याच्या डोक्यावर जाऊन बसला की त्याच्यामागं लगेच कर्ता येत नाही. आधी सहायक क्रियापद, मग कर्ता. नेव्हर शॅल वी. प्रश्न विचारताना उलटं करतो ना, तसंच. नकार पुढं आला की ‘आम्ही आम्ही’ करत मिरवणाऱ्यानं एक पाऊल मागं सरायचं. एवढं साधं आहे.”

“साधं असतं तर मी दोनदा बसलो असतो का?”

“ठोक्या!”

“बरं, चुकलंय. पण अर्थ तर कळतोय ना?”

हे बोलायला नको होते, हे त्याला बोलता बोलताच कळले. तीस वर्षे ज्या बाईने वर्गावर्गातून हेच एक वाक्य ऐकले आणि प्रत्येक वेळी खडू आपटला, तिच्यासमोर हे बोलणे म्हणजे स्वतःच्या हाताने छडी आणून देणे. पण ताईने काही आपटले नाही. तिने पिशवी उचलली.

“या ओळीखाली यांचं नाव जायचं नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

नाव तर आधीच गेले होते. ओळ सगळ्यात वर असली तरी ठोक्याने खालची नऊ नावे आधी कोरून घेतली होती. मोठी अक्षरे शेवटी, अशी त्याची पद्धत. चौथे नाव भाऊजींचे. वर्षापूर्वी रंगाच्या कारखान्यात दुपारची पाळी बदलताना टाकी फुटली, त्यात नऊ जण गेले. भाऊजी कारखान्यात स्टोअरकीपर. टाकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. एका पावतीवर सही घ्यायला ते त्या बाजूला गेले होते.

ठोक्याने ते नाव कोरायला दोन दिवस घेतले होते. एरवी तासाभराचे काम. ताईला मात्र नाव दिसले नाही. तिला दिसले क्रियापद.

शुक्रवारी वर्ष पूर्ण होत होते. त्याच दिवशी कारखान्याच्या आवारात दगड बसवून वरचा पडदा काढायचा होता. आज सोमवार. ओळीतला पहिला शब्द, नेव्हर, कोरून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून ठोक्या कारखान्याच्या कचेरीत गेला. जनसंपर्काचे काम बघणारा साहेब तिशीतला होता. एवढ्या उकाड्यात तो गळ्याला टाय आवळून बसायचा, म्हणून फाटकावरचे लोक त्याला टायवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर म्हणून एक कागद असायचा.

“मजकूर मंजूर झालाय, काका.”

“मंजूर झालाय हो साहेब, पण चुकलाय.”

“मंजूर मजकूर कसा चुकेल?” टायवाल्याने फाइल उघडून त्याच्यासमोर फिरवली. “ह्या बघा सह्या. एक, दोन, तीन... सात. कॉम्प्युटरवर पण घालून बघितलाय. कुठं लाल रेघ आली नाही.”

“माझी बहीण इंग्रजी शिकवते. ती म्हणते, शॅल आधी पाहिजे, वी नंतर.”

“बाईंचा मला आदर आहे.” त्याने आवाज खाली घेतला. “पण काका, हे मोठ्या साहेबांनी स्वतः लिहिलंय. स्वतःच्या हातानं. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. आता त्यांना कोण सांगणार?”

ताईने दुसरा मार्गही सांगून ठेवला होता. फोनवर, सकाळी सहाला. ठोक्याने तो आठवून आठवून सांगितला. “मग असं करू या. वी शॅल नेव्हर फरगेट यू. सरळ वाक्य. काही उलटं करायला नको.”

“छे! नेव्हर पहिला पाहिजे. मोठ्या साहेबांना जोर हवाय.”

“बहीण म्हणते, जोर हवा असेल तर वाक्य उलटं करावंच लागतं.”

“तुम्ही कोरलाय ना नेव्हर?”

“कोरलाय.”

“मग झालं तर.”

ठोक्याने रुमालाने मान पुसली. त्याला एकाएकी सुचले. “साहेब, अक्षरं तीच आहेत. मोजा तुम्ही. वी शॅल, सात अक्षरं. शॅल वी, तीच सात. दगडात जागा पण तेवढीच लागते. फक्त मागचं पुढं करायचं.”

“अक्षरं तीच?”

“तीच.”

“जागा तेवढीच?”

“तेवढीच.”

“मग फरक काय पडतो?”

“फरक पडत नसेल तर बदलू या की.”

“फरक पडत नसेल तर बदलायचं कशाला?”

ठोक्याने रुमाल खिशात ठेवला. दगडाशी आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की कुठल्या दगडाला घाव घालून फुटेल अशी रेघ असते आणि कुठल्याला नसते. याला रेघ नव्हती.

“बदलायचा तर पुन्हा सातही सह्या लागतील,” टायवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. “त्यातले दोघं परदेशी गेलेत. आणि एकजण निवृत्त झाले.”

“मग निवृत्त झालेल्याची सही कशी घेणार?”

“तेच तर सांगतोय. नाही घेता येत.”

संध्याकाळी ताईचा निरोप आला, येऊन जा. तिने पत्र लिहिले होते. तीन पाने, दोन्ही बाजूंनी, तिच्या त्या आखीव अक्षरात. नियम काय, अपवाद काय, उदाहरणे किती, आणि शेवटी एक ओळ, की सदर मजकूर आहे तसा कोरल्यास माझ्या पतीचे नाव त्यातून वगळावे. ठोक्याने शेवटची ओळ तिच्याकडून आपल्या भाषेत समजून घेतली आणि कपाळाला हात लावला.

“अगं, वगळू कसं? कोरलंय ते! दगड आहे, फळा नाही पुसायला.”

“मग त्यांना ओळ बदलायला सांग.”

“सांगितलं. सगळं सांगून झालं.”

“लेखी नव्हतं. आता लेखी आहे.”

बुधवारी सकाळी लेखी द्यायला तो पुन्हा गेला. आवक खिडकीवरच्या बाईने पत्रावर शिक्का मारला, पोच दिली आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळेल असे सांगितले.

“परवा कार्यक्रम आहे,” ठोक्या म्हणाला.

“मग पंधरा दिवसांनी मिळेल,” बाई म्हणाली.

इकडे बहीण ऐकेना, तिकडे कचेरी ऐकेना, आणि मधे हा, हातात पोचपावती घेऊन. दगड शेडमध्ये आडवा पडला होता, नावांच्या वरच्या ओळीत एकच शब्द, ‘कधीही नाही’ असे ओरडत असलेला. शेजारच्या सायकलवाल्याने सकाळी गंमत केली होती, “काय ठोक्या, नेव्हर म्हणजे काम करणारच नाही का?” ठोक्याला हसूही आले नव्हते. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

संध्याकाळी तो ताईकडे गेला तो ठरवूनच. दारात चपला काढायच्या आधीच त्याने सांगून टाकले, “उद्या सकाळी मी कोरणार. आहे तसं. बास झालं आता.”

ताई जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती. लाल पेन तिच्या हातात तसेच राहिले.

“तुला काय वाटतं, मला मजा येते का?” ठोक्या उभ्याउभ्याच बोलत सुटला. “दोन दिवस झाले, मी त्या टायवाल्यापुढं वी आणि शॅल करतोय. लोक हसायला लागलेत. वर्ष झालं भाऊजी जाऊन. वर्षात तू एकदा डोळ्यांतून पाणी काढलं नाहीस. शाळेत जातेस, वह्या तपासतेस. शेडमध्ये आलीस, त्यांचं नाव माझ्या हातानं कोरलेलं समोर होतं, त्याकडं बघितलंस? नाही. तुला क्रियापद दिसलं! तू ना, माणूस बघतच नाहीस. तुला फक्त चुका दिसतात.”

ठोक्याला वाटले, आता हिने पेन फेकून मारले तर बरे होईल.

भाऊजी असते तर हसले असते. त्यांना ताईच्या चुका काढण्याचा कधी राग आला नाही. उलट ते मुद्दाम चुकीचे इंग्रजी बोलायचे, ती स्वयंपाकघरातून ओरडून दुरुस्त करेपर्यंत. एकदा ते ठोक्याला म्हणाले होते, “तुझी ताई चूक शोधायला का होईना, पण माझा शब्दन् शब्द ऐकते. किती नवऱ्यांचं नशीब असं असतं?”

ताई उठली. आतल्या खोलीतून एक पातळ फाइल घेऊन आली आणि त्यातला एक कागद त्याच्यासमोर ठेवला.

“हे टाकी फुटली त्याच आठवड्यात आलेलं पत्र. नऊही घरांना आलं. वाच.”

“मला इंग्रजी कुठं वाचता येतंय?”

“मी वाचते.” तिने लाल पेनाचे टोक पहिल्या ओळीवर ठेवले. “अॅट नो टाइम वॉज द कंपनी अवेअर ऑफ एनी लीक. म्हणजे, कोणत्याही वेळी कंपनीला गळतीची कल्पना नव्हती. आता बघ. अॅट नो टाइम. नकार पुढं आलाय. आणि वॉज कुठं आहे? कंपनीच्या आधी. बरोबर जागेवर.”

पेन एक ओळ खाली सरकले. “नॉर हॅज एनी कम्प्लेंट बीन रिसीव्ड. तशी कोणतीही तक्रारही आलेली नाही. नॉर पुढं, म्हणून हॅज आधी. हेही बरोबर. पुढं अंडर नो सर्कमस्टन्सेस, पुन्हा उलटं, पुन्हा बरोबर. पानभर पत्र आहे, ठोक्या. मी त्या दिवशी हेच पेन घेऊन बसले होते. सगळे भेटायला येत होते, आणि मी आत बसून चूक शोधत होते. एक तरी सापडेल, एखादा स्वल्पविराम तरी. एक सापडली नाही.”

ठोक्या खुर्चीवर बसला.

“तक्रार आली नाही म्हणतात,” ताई म्हणाली. तिचा आवाज अजूनही वर्गातलाच होता, सपाट, मागच्या बाकापर्यंत जाणारा. “यांनी तीनदा लिहून दिलं होतं. स्टोअरमध्ये वास येतो म्हणून. वरच्यांना इंग्रजीत लागतं, म्हणून माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं होतं. तिन्ही वेळा. इथंच बसून. पहिल्या वेळी मी त्यांना म्हटलंसुद्धा, अहो, वासाचं स्पेलिंग तरी नीट लिहा.”

“मग तो कागद? तो दाखवायचा ना! चौकशीत...”

“चांगला उतरवलेला कागद त्यांनी दर वेळी कचेरीत दिला. पोच घेतली नाही, आपलीच माणसं म्हणून. घरी कच्चे कागद राहिले होते. त्यांच्या हातचे. ते मी फाडून टाकले. चुकांनी भरलेले होते म्हणून.”

ताईने पत्र पुन्हा फाइलमध्ये ठेवले आणि फाइलच्या दोऱ्याची गाठ बांधली. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली.

“हात झटकायचे होते तेव्हा कंपनीकडे व्याकरण होतं. वकील बसवून एकेक शब्द जागच्या जागी लावला. आता आठवण काढायची आहे, तर कुणीही, कसंही लिहायचं, आणि वर म्हणायचं, फरक काय पडतो.” तिने वही पुढे ओढली. “तुला कोरायचं असेल तसं कोर. मी आता काही म्हणणार नाही. तुझंही पोट त्यांच्यावर आहे.”

ठोक्या उठला. निघताना काहीतरी बोलावे असे त्याला वाटत होते, पण तिने मान खाली घालून कुणाच्या तरी वहीत लाल खूण केली होती.

गुरुवारी सकाळी उजाडताच त्याने शेड उघडली. कागद डब्याखालून काढला, एकदा पाहिला आणि पुन्हा डब्याखाली ठेवला. मग ओल्या फडक्याने दगडावरची पेन्सिल पुसली. वी गेला, शॅल गेला. पट्टी लावून, मोजून, त्याने नव्याने अक्षरे काढली. ओळीत दुसऱ्या शब्दाच्या जागी आता एस आला होता.

कोरणाऱ्याला एस नको असतो. सरळ रेघांच्या अक्षराला छिन्नी धरली की हात आपोआप चालतो. एसला दोन वळणे, आणि दोन्ही उलट्या बाजूंना. मधे जरा जोर जास्त पडला की पोटातून टवका उडतो, मग सगळ्या ओळीचा विचका. डब्ल्यूला इतका त्रास नसतो. तो कितीही घाईत कोरा, उभा राहतो. ठोक्याने बारीक टोकाची छिन्नी घेतली. वीस वर्षांत पहिल्यांदा तो कागदावर नसलेले काही दगडावर आणत होता. पहिला घाव घालायच्या आधी त्याने स्वतःलाच एक शिवी दिली. वकिलाचा तो गाळलेला एल त्याला आठवला. पण आज त्याला पक्के ठाऊक होते. शिकवायला तालुक्यात ताईहून चांगली बाई नव्हती.

दुपारी टायवाला तपासणीला आला. त्याच्याकडे छापील तक्ता होता. लांबी, रुंदी, नावांची संख्या, प्रत्येक नावाचे स्पेलिंग. त्याने नऊही नावे बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून पाहिली. एका नावापुढच्या टिंबाला त्याने पाच मिनिटे घेतली. ठोक्या हातातल्या फडक्याला पीळ घालत उभा होता. मग टायवाला वरच्या ओळीकडे वळला. तिथे बोट ठेवायची त्याला गरज वाटली नाही. ती त्याला पाठच होती.

“नेव्हर वी शॅल फरगेट यू,” त्याने शॅलकडे बघत, स्वच्छ आवाजात वाचले. “मंजूर मजकुराप्रमाणे. व्हेरी गुड.” आणि त्याने सही केली.

ठोक्याला हसावे की रडावे कळेना. एवढ्यासाठी दोन दिवस आपण याच्या पाया पडत होतो!

शुक्रवारी कारखान्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या, नऊ घरची माणसे त्यांच्या मागे. माइक आधी बोलेना, मग एकदम किंचाळला. मोठ्या साहेबांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. साहेबांनी खिशातून कागद काढून भाषण केले आणि शेवटी दगडाकडे पाठ करून, कागदात बघत, हात वर उचलून तीच ओळ म्हटली. वी आधी, शॅल नंतर. पुन्हा टाळ्या झाल्या. दगड मागे उभा होता तसा उभा राहिला. कुणाच्याही लक्षात काही आले नाही.

पाहुणे चहाला आत गेल्यावर मागच्या रांगा हळूहळू पुढे सरकल्या. ठोक्या दगडाच्या कडेला उभा होता. त्याने ताईला काही सांगितले नव्हते. ती आली, चष्मा वर सरकवला आणि वरची ओळ वाचली. मग परत वाचली. ठोक्या वाट बघत होता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात इंग्रजीच्या बाबतीत ताईकडून शाबासकी मिळण्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा योग होता.

“यू जरा उजवीकडं गेलाय,” ताई म्हणाली.

“आता मात्र हद्द झाली हं, ताई!”

“जरासाच. एरवी चांगलं आहे.” आणि तिने त्याच्या बाहीवरची दगडाची भुकटी झटकली. बाहीवर भुकटी नव्हती, शर्ट सकाळीच इस्त्री केलेला होता, तरी ती बराच वेळ झटकत राहिली.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. पंपावर काम करणाऱ्याची बायको. तिचा नवरा त्या दिवशी टाकीच्या अगदी जवळ होता. ती आता कुठल्याशा गोदामात पोती शिवायचे काम करत असे. बराच वेळ ती दगडाकडे नुसतीच बघत होती.

“बाई,” तिने ताईला विचारले, “वर काय लिहिलंय हो? मोठ्या अक्षरात?”

“आम्ही तुम्हाला कधीही विसरणार नाही.”

बाईने ते मनात घोळवले. घोळवताना तिचे ओठ हलत होते.

“आम्ही म्हणजे कोण?”

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडले. तीस वर्षांत वर्गात तिचे एकाही प्रश्नापाशी अडले नव्हते. तिने पुढच्या दोन रांगांकडे पाहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या, एकीवर कुणाचा तरी कार्यक्रमाचा कागद वाऱ्याने फडफडत होता. तिने ठोक्याकडे पाहिले. ठोक्याने मान फिरवली.

“अं, बाई? हे कोण म्हणतंय?”

“माहीत नाही,” ताई म्हणाली. “तेवढं लिहिलेलं नाही.”

बाईने समजल्यासारखी मान हलवली. तिला याचे फारसे नवल वाटलेले दिसले नाही. “आणि आमच्यांचं नाव कुठलं?”

ताईने तिचा हात हातात घेतला. पोत्याच्या सुईने टोचून टोचून राठ झालेले तिचे बोट तिने सातव्या ओळीच्या पहिल्या अक्षरात ठेवले, आणि अक्षराच्या खाचेतून वळवत हळूहळू पुढे नेले. एक अक्षर, मग दुसरे. प्रत्येकाचा उच्चार ती हलक्या आवाजात सांगत होती. बाई शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, थांबली, आणि मग ताईचा हात न सोडता, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.